पद्मनाभपुरातली शिट्टी

१२ जानेवारी

ही वही पुराव्यासाठी आहे, हे आधीच लिहून ठेवतो. चंपत म्हणाला, "तारीख टाकून लिहीत जा बे. कोन काय बोललं, कोन कसं पाहिलं, सगळं. पुढे कामी येते." चंपत आमच्या पोलादाच्या मिलमध्ये माझ्याच क्रेनवर असतो, वेगळ्या शिफ्टला. घटस्फोटाच्या बाबतीत त्याचा शब्द मोठा. त्याची केस दुर्गच्या कोर्टात इतकी वर्षं चालली की वकिलाच्या पोराचं लग्न त्याने जेवून पाहिलं.

मराठीत लिहितो आहे. माझी शाळा हिंदी, पण मराठी लिहायला बाबांनी घरी बसवून शिकवलं. फायदा असा, की ही वही साहू मॅडमच्या हाती लागली तरी तिला ओ की ठो कळायचं नाही.

रंभा साहू मॅडम म्हणजे मध्यस्थ. माझी बायको सुनिता नोव्हेंबरमध्ये आमच्या मुलीला, आमूला, घेऊन गेली, त्यानंतर तिचा पहिला सरळ फोन मागच्या आठवड्यात आला. "कोर्टात भांडायचं नाई मले. एक मॅडम आहेत, दोघायले समोरासमोर बसवून बोलणं करून देतात. जे ठरलं ते कागदावर. कोर्टात मंग फक्त सही कराले जायचं. तुमी या." कोर्टाची नोटीस मी समजू शकतो. तिच्यावर शिक्का असतो, तारीख असते. हे 'या, बसू, बोलू' म्हणजे पिंजऱ्यातलं खोबरं.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. आमू, म्हणजे आम्रपाली, माझ्याकडे राहिली पाहिजे. अकरा वर्षांची आहे, इथे सेक्टर ६ मध्ये तिची शाळा, मैत्रिणी, तिचा पलंग. मी ड्यूटीवर असताना बघायला आई गोंदियाहून यायला तयार आहे. बाकी सुनिताला जे न्यायचं ते नेऊ दे.

सुनिता का जाते, याचं कारणही नोंदवतो. तिने दिलेलं कारण: "मी थकली." बस. थकली म्हणून कोणी संसार मोडत नाही. थकलं की माणूस झोपतो. खरं कारण दुसरं आहे आणि त्याला दोन पाय आहेत असा माझा अंदाज आहे.

माझ्या बाजूने नोंद: दारू नाही, जुगार नाही. सुनितावर कधी हात उचलला नाही. ओरडलो तो एकदाच, आमू रांगत होती तेव्हा. नाईट करून झोपलो होतो आणि कुकरच्या शिट्टीने झोप मोडली. कुकरचं झाकण अंगणात गेलं होतं, ते शेजाऱ्यांनी आणून दिलं. त्यानंतर ओरडायची वेळच आली नाही. आमच्यासारखं शांत घर सगळ्या ब्लॉकमध्ये नव्हतं, कोणालाही विचारा.

१८ जानेवारी

पहिली बैठक. जागा दुर्गला, पद्मनाभपुरात, मॅडमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर. सुनिताही पद्मनाभपुरातच राहते, तिच्या भावाच्या, पियूषच्या, घरापासून दोन गल्ल्या पुढे. हा योगायोग आहे असं मला सांगण्यात आलं.

आत सोफा, टेबलावर खाऊच्या गोळ्यांची वाटी आणि डोळे पुसायचे कागदी रुमाल. म्हणजे रडवायची तयारी आधीपासून. मॅडम पन्नाशीच्या, हिंदीतच बोलत होत्या. "मैं जज नहीं हूँ. फैसला आप दोनों का होगा. और यहाँ की बात बाहर नहीं जाएगी, कोर्ट में भी नहीं." मी मनात म्हटलं, बाहेर जाणार नाही तर मग मी लिहू काय? पण वही चालू ठेवणार. मी मॅडमना तसं लिहून कुठे दिलंय?

मग त्या म्हणाल्या, आता एकेकाशी वेगळं बोलते. सुनिताला आत नेलं, दार लावलं. दाराला वरच्या अर्ध्यात काच.

मी क्रेन चालवतो. आयुष्यभर काचेच्या केबिनमध्ये वर बसलो आणि खालच्या माणसाच्या हातांच्या खुणा पाहून लोखंड उचललं, ठेवलं. आवाज वर येत नाही, हातच बोलतात. त्यामुळे काचेतून मी नीट पाहत होतो. सुनिताने दोन्ही तळवे हळूहळू खाली आणले, आपण लेकराला निजवतो तसे. पुन्हा तसंच. मॅडमने कागदी रुमालाची पेटी पुढे सरकवली. सुनिताने घेतला नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच बोललो की मुलगी मला द्या. मॅडम म्हणाल्या, "और?" मी म्हटलं, और काही नाही. लवकरच बाहेर आलो. ती आत एवढा वेळ काय सांगत होती, हे विचारलं तर मॅडम हसून म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही, जसं तुमचंही तिला सांगणार नाही. आता माझं सांगण्यासारखं होतंच काय!

बाहेर येऊन चंपतला फोन लावला आणि तिथेच व्हरांड्यात उभं राहून मराठीत मोकळेपणाने सांगितलं, "बाई गोड सुरी आहे, कापून राहिली तरी समजत नाई." मॅडम शेजारी कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांना काय कळणार.

१९ जानेवारी

चंपत म्हणतो, "कोर्टात दार उघडं राहते बे. जे बोलाचं ते सगळ्यायच्या समोर. हे बंद खोलीतलं काम माह्या डोक्यात बसत नाई." माझ्याही.

२५ जानेवारी

आज ऑफ होता. दुपारी स्कूटरवर पद्मनाभपुरात गेलो. पाळत ठेवायला नाही. रस्ता सरकारी आहे.

समोरच्या पानठेल्यावर उभा राहिलो. सुनिताची खोली पहिल्या मजल्यावर. खिडक्या सताड उघड्या, पडदे बाजूला. आमच्या क्वार्टरमध्ये हिचे पडदे दुपारी कधी उघडे नसायचे, आणि इथे प्रदर्शन मांडलंय.

आणि मग कुकरची शिट्टी झाली. आधी वाटलं खालच्या घरातली असेल. पण नाही, वरचीच. पाठोपाठ आणखी. माझ्या अंगावर काटा आला. कारण या बाईने माझ्या घरात कित्येक वर्षांत कुकर लावला नाही. लग्नात माझ्या आईने कुकर दिला होता, तो ओट्याखाली खोक्यात. डाळ गंजात, म्हणजे उघड्या पातेल्यात, मंद आचेवर, तासन् तास. मी कितीदा म्हणालो, "कुकर काय पूजेले ठेवला का?" तर हसायची नुसती. जी बाई नवऱ्यासाठी कुकर लावत नाही ती इथे भर दुपारी शिट्ट्यांवर शिट्ट्या काढते, म्हणजे जेवायला घाईचा पाहुणा आला असणार.

वर टीव्ही मोठ्याने चालू होता. मधेच कोणीतरी पोर हसलं. चांगलं खिंकाळल्यासारखं, रस्त्यापर्यंत येईल असं. पाहुण्याबरोबर त्याचं पोरही असणार. आमू अशी हसत नाही. आमू हसते तेव्हा आपल्याला बघावं लागतं, तेव्हा कळतं.

म्हणजे बायको-पोरं असलेला माणूस. हे तर आणखी वाईट.

पानवाला दुसऱ्यांदा 'और कुछ?' म्हणाला तेव्हा निघालो.

८ फेब्रुवारी

दुसरी बैठक. मधल्या दिवसांत नाईट होती, डोकं जड आहे. तरी सगळं लिहितो, कारण आज बरंच घडलं.

मी सरळच विचारलं. "दुपारी तुया घरी कोन येते?"

सुनिता म्हणाली, "कोणी नाई. दुपारी शाळेतून येतो आमी दोघी." ती आता बालवाडीत शिकवते.

"मंग कुकर कोणासाठी लावते?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. राग आला असता तर मला समजलं असतं. चोरी पकडल्यावर लोक चिडतात. ही चिडली नाही. आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं.

तेवढ्यात मॅडम स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "पण सुनिताताई, घरी कुकर का नव्हता लावत तुम्ही?"

माझ्या हातातला चहाचा कप तिथेच थांबला. मी म्हटलं, "तुमाले मराठी येते?"

"माझी आई राजनांदगावची मराठी," त्या म्हणाल्या. "सुरीला धार असली की भाजी बरी चिरली जाते, प्रफुलजी." आणि पुन्हा सुनिताकडे वळल्या. माझे कान तापले. विश्वास कोणावर ठेवायचा इथे? आणि ही वहीही आता उघडी पडली म्हणायची. बाथरूमच्या माळ्यावर ठेवतो आजपासून.

सुनिता म्हणाली, "राहू द्या मॅडम. ते मी सांगणार नाई. ते केलेलं मोजून दाखवल्यासारखं होते." मॅडम म्हणाल्या, सांगितलंत तर बरं. ती म्हणाली, "यायनं विचारलं तर सांगीन. संशयानं नाई, नुसतं विचारलं तर."

मी नुसतंच तर विचारलं होतं.

नोंद: सुनिता काहीतरी लपवते आहे, हे मध्यस्थासमोर तिने स्वतः कबूल केलं.

१५ फेब्रुवारी

आज आमूला बोलावलं होतं. नोव्हेंबरनंतर मी तिला मधूनमधून शाळेबाहेर पाहिलं होतं, जवळ बसली ती आज. उंच झाली आहे. मी म्हटलं, "कशी आहेस बेटा?" ती म्हणाली, "बरी आहे." इतक्या हळू, की ओठांवरून ओळखावं लागलं. मॅडमही दोनदा पुढे वाकल्या. मुलगी मर्यादेत वाढली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं असेलच. शेजारच्या रीनावहिनी म्हणायच्या, तुमच्या घरात लेकरू आहे हे आम्हाला कपडे वाळत पडले की कळतं.

आता मुख्य गोष्ट. आमूने आईकडे बघून बोटं फिरवली, अशी, मनगटापासून. सुनिताने गाल तळव्यावर टेकवल्यासारखं करून मान हलवली. मग आमू उठून पायांचा आवाज न करता गेली, माठातलं पाणी घेतलं, पेला कापडावर ठेवला आणि परत आली. एक शब्द नाही. मी दोघींना पाहत होतो. यांची खुणांची भाषा ठरलेली आहे! आणि ती आजकालची नाही, सरावाची आहे. माझ्या क्रेनखाली नवा माणूस आला की हात अडखळतात, जुन्याचे अडखळत नाहीत. हे जुने हात होते.

मी तिथल्या तिथे आक्षेप घेतला. "मॅडम, हे पाहून घ्या. पोट्टीले शिकवून आणलं आहे. माह्यासमोर माह्याविरुद्ध इशारे करून राहिल्या."

आमूचा चेहरा एवढासा झाला. सुनिता म्हणाली, "सवय आहे ती. इथंही सुटत नाई."

"कशाची सवय?"

मॅडमनी हात वर केला आणि आमूला घेऊन आत गेल्या. काचेतून दिसलं, आमू बोलत होती आणि मॅडम ऐकत होत्या. बाहेर येऊन मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी स्वतःच एक कागदी रुमाल घेतला होता. मध्यस्थ एका बाजूला झुकल्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

घरी येऊन खूप वाईट वाटलं. का ते कळलं नाही. पोट्टी मला घाबरते की काय, असं एकदा वाटून गेलं. पण मी तर कधी काही केलं नाही.

२२ फेब्रुवारी

मसुदा. मॅडमकडे छापील नमुना होता, त्यात मुलाने दिवाळीला कुठे राहायचं, होळीला कुठे, असे रकाने. मॅडमनी विचारलं, सण कोणते लिहू? मी आणि सुनिता एकदमच म्हणालो, "चौदा एप्रिल." दोघांच्या तोंडून एकाच क्षणी. मॅडम हसल्या, आणि सुनिताही हसली, थोडी. विहारात आमचं लग्न लागलं ते मला आठवलं. सकाळी वंदनेला आईबरोबर, दुपारपासून माझ्याकडे, असं ठरलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काही ठरलं, म्हणून मला जरा शंकाच आली.

पुढे फासा उलटा पडला. मॅडम म्हणाल्या, आमूने आईबरोबर राहायचं म्हटलं आहे आणि वडिलांना भेटायचं आहे, नेमाने. मग दर रविवार वडिलांचा, चालेल? मी काही बोलायच्या आत सुनिता म्हणाली, "रविवार नाई."

मी मनात म्हटलं, आली खऱ्यावर.

"यांचा ऑफ फिरता राहते," ती म्हणाली. "रविवार लिहिला तर अर्धे रविवार ड्यूटीत जातीन. यांच्या शिफ्टच्या हिशेबानं लिहा. ऑफच्या दिवशी, आणि फर्स्ट शिफ्ट राहीन तेव्हा संध्याकाळी. फक्त नाईट करून आले त्या दिवशी नाई पाठवणार. त्या दिवशी यायले झोपू द्या."

मॅडमनी तसं लिहिलं. बाहेर येऊन मी बोटांवर धरून पाहिलं, तर दर रविवारपेक्षा हे जास्तच होतं. एवढं का देते आहे? जास्त देणाऱ्याच्या मनात काय असतं? आणि नाईटचा दिवस वगळला तो कशासाठी, टोमणा म्हणून?

चंपतला सांगितलं. तो म्हणाला, "सही नको करू. पोरगी तिकडेच राहून राहिली न? माह्या वकिलाकडे चाल. लढ. मी नाई लढलो का?"

चंपत लढला, जिंकला, मुलगा आठवड्यातून एकदा त्याच्याकडे यावा असा कोर्टाचा हुकूम आहे. आज संध्याकाळी आम्ही दोघे मार्केटमध्ये उभे होतो तेव्हा त्याचा मुलगा सायकलवर समोरून आला. चंपतने हात वर केला. पोराने हँडल वळवलं आणि दुसऱ्या रस्त्याने गेला. चंपत मला म्हणाला, "घाईत असीन." मग त्याने पान घेतलं, माझ्यासाठीही घेतलं, आणि माझं माझ्या हातात द्यायचं विसरला.

७ मार्च

सही केली. चंपतला अजून सांगितलं नाही.

मॅडमनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मी प्रत्येक वाक्यात खोच शोधली, सापडली नाही. आता पुढे दुर्गला जाऊन दोघांनी मिळून अर्ज द्यायचा. आमू तिकडे राहणार, ही ओळ मॅडमना पुन्हा वाचायला लावली. पेन मॅडमचं होतं आणि नीट उठत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं.

व्हरांड्यातून उतरताना पायरीवर सुनिताला थांबवलं. म्हटलं, "आता तर झालं. आता खरं सांग. कोन आहे?"

"कोणी नाई हो," ती म्हणाली. "तुमी झोपून राहायचे, मी जागून राहायची. एवढंच आहे."

मी म्हटलं, "उलटं सांगून राहिली. रात्रभर जागणारा मी, झोपणारी तू."

ती म्हणाली, "बरं." आणि पियूषच्या गाडीवर बसून गेली.

या वाक्याचा अर्थ मी येताना पूर्ण रस्ता लावत होतो. लागला नाही. पुराव्याला उपयोग नाही, तरी लिहून ठेवतो.

२९ मार्च

आमू तीनदा येऊन गेली. दोनदा मैत्रीबागेतलं प्राणिसंग्रहालय, एकदा आइस्क्रीम. पाहुण्यासारखी येते, पाहुण्यासारखी जाते. माकडांच्या पिंजऱ्याजवळ सगळी पोरं किंचाळत होती. ही तोंडावर हात धरून हसत होती.

१४ एप्रिल

आज रजा टाकली होती. दुपारी पियूष आमूला सोडून गेला. पांढरा फ्रॉक, निळी रिबन. सेक्टरमध्ये सकाळपासून निळे झेंडे, कुठेतरी डीजे. ऊन मरणाचं, म्हणून म्हटलं आज बाहेर नको, घरीच डाळभात करू. आमू म्हणाली बरं, आणि पलीकडच्या खोलीत चित्र काढत बसली.

ओट्याखालून आईचा कुकर काढला. खोक्यातून निघाला तो नव्यासारखाच, झाकणावरचा चिकटवलेला कागद तसाच होता. झाकणाच्या कडेला एक पोचा. डाळ-तांदूळ लावले, गॅस मोठा केला आणि ओट्याशीच उभा राहिलो.

कुकर फुसफुसायला लागला. एवढ्यात आमू पलीकडून धावत आली. धावत, पण अनवाणी पावलांचा जरासुद्धा आवाज न करता. माझ्या हाताखालून घुसली, गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि शिट्टीवर दाबून धरलं. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग माझ्याकडे पाहिलं, आणि घाबरली.

"शिट्टी होते न, बाबा," ती कुजबुजली.

"होऊ दे की," मी म्हटलं. "मी तर जागाच आहे, बेटा. तुयासमोर उभा आहे."

ती कुकरकडे पाहत राहिली. फडकं सोडलं नाही. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. बोटं भाजली होती थोडी, नळाखाली धरली. मला त्या बैठकीतलं आठवलं. मी विचारलं, संशयाने नाही, नुसतं विचारलं, "ते बोटं फिरवतेस, ते काय असते?"

"पाणी घेऊ का, असं."

"आणि गालावर हात?"

"बाबा झोपले."

"आणि हे, तळवे खाली आणायचे?"

"हळू." मग म्हणाली, "आईनं बनवल्या सगळ्या. मी लहान होती तेव्हा. रडाची नाई म्हणून खेळासारखं."

"बाबा उठले, याची खूण कोणती?"

ती विचार करू लागली. खरोखर विचार केला तिने, कपाळाला आठ्या घालून. "त्याची नाई बनवली," ती म्हणाली.

नळ चालूच होता. मी बंद केला. सगळ्या दुपारी आठवत होत्या, पण आठवण्यासारखं त्यांत काही नव्हतं, मी झोपलेलो होतो. शेवटी विचारलं, "तिकडे पद्मनाभपुरात, जानेवारीत एकदा, दुपारी कोणीतरी लेकरू मोठ्यानं हसत होतं. पाहुण्यायचं होतं का?"

"पाहुणे कुठं येतेत आमच्याकडे," आमू म्हणाली. "मीच असीन."

मी सगळे पडदे सरकवले, खिडक्या उघडल्या. डीजेचा आवाज भसकन आत आला. परत गॅस पेटवला. आमू म्हणाली, "मी पलीकडे जाऊ का?" मी म्हटलं, "नको, इथंच राहा." दोघे ओट्याला टेकून उभे राहिलो. कुकर पुन्हा फुसफुसायला लागला तशी तिने माझा हात घट्ट धरला, आणि शिट्टी झाली. ती दचकली. मीही दचकलो. मी म्हटलं, "आणखी एक होऊ देऊ," आणि ती जरा वेळाने, अगदी हळू, "हो" म्हणाली.